दुसरा गिअर

पहिला खाली, बाकीचे वर.
सव्वीस वर्षं हे पायाला माहीत होतं,
मला नव्हतं.

गेल्या भाद्रपदात बुधगावच्या फीडरवर
खांबावरून उतरलो, बूट काढून चप्पल घातली,
निघालो,
तर चप्पल तिथंच राहिलेली.
बाबालालनं हाक मारून सांगितलं तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात
हातात चमचा राहीना.
डॉक्टर भोकरे म्हणाले, नसांवरचं वेष्टन गेलंय.
मी वायरमन. मला एवढं पुरलं.
आतलं तांबं शाबूत आहे का, विचारलं,
बोलता येत होतं तोवर.
असावं, म्हणाले. येईल भरून.
नख वाढतं ना, त्या गतीनं.

जुनी गाडी बाबालालनंच विकून दिली.
किती आले, विजयमालानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
एकोणीस दिवस त्या गाडीवर
मी श्वास घेतला.

मग तबस्सुम नायकवडी, फिजिओ.
वय लेकीएवढं, आवाज हेडमास्तरचा.
बोटं वर घ्या, काका. वर.
पलंगाच्या कडेला बोटं निजलेली, पाचही.
ती दहा मोजायची,
मी डोळे मिटून दुसरा टाकायचो:
विश्रामबाग, मार्केट यार्डात हळदीचा खाट,
मग पूल, पुलावर वारा.
डोळे उघडले की पाय होता तिथंच.
सातव्या महिन्यात अंगठा हलला.
मी तिच्याकडं बघितलं.
ती म्हणाली, अजून नऊ.

दरम्यान विजयमाला स्कूटी शिकली.
पन्नाशी उलटल्यावर, कुपवाडच्या मोकळ्या प्लॉटवर,
कोपर दोनदा सोलून.
मला मागं बसवून मिरजेला न्यायची.
खड्डा दिसला की माझा डावा पाय, खुळा,
नसलेला गिअर शोधायचा.

शोरूममधला पोरगा म्हणाला, बिनगिअरची घ्या काका.
पुण्याहून मुलगा फोनवर तेच.
मी म्हणालो, गिअरचीच.
का, ते मला नीट सांगता आलं नाही.
विजयमाला तेवढ्यात
सही कुठं करायची ते विचारत होती.

आज पहाटे हरिपूर रस्ता.
दोन्ही बाजूंना चिंचा, अजून काळ्याच.
सीटवरचं प्लास्टिक तिनं काढू दिलेलं नाही,
बूड घसरतं.
बटण दाबलं. पहिला टाकला.
खाली दाबणं सोपं,
पडायची सवय लागलेलं पाऊल ते.

दुसरा.
बोटं लिव्हरखाली घातली, उचलली,
आणि अर्ध्यात राहिली.
न्यूट्रल.
इंजिन रिकामंच ओरडलं,
एक दूधवाला बाजूनं गेला,
बघून न बघितल्यासारखा.
पुन्हा पहिला. पुन्हा उचल. न्यूट्रल.
हिरवा दिवा असा निवांत पेटलेला,
जसं काही या मुक्कामालाच यायचं होतं मला.
तिसऱ्यांदाही तेच.
घामानं हेल्मेट आतून ओलं.
परत फिरावं, असं वाटलं.
लपवत नाही, वाटलं.

बोटं वर घ्या, काका.
कुणी नव्हतं म्हणायला.
मीच म्हणालो, मोठ्यानं, तिच्याच आवाजात.

खट्.

एवढा बारका आवाज
फ्यूज बसल्याचा असतो.
बसवणाऱ्यालाच ऐकू येतो,
गल्लीला नुसता उजेड दिसतो.

तिसऱ्याची हिंमत झाली नाही.
दुसऱ्यातच गेलो संगमापर्यंत,
इंजिन कुरकुरत, मी हसत,
खालच्या अंगाला वारणा कृष्णेत मिसळताना
पाणी अजून करडं होतं.
थांबलो. डावा पाय टेकला.
चप्पल नाही, बूट होता, नाडी करकचून बांधलेला.
जमीन लागली, खालून वर, गुडघ्यापर्यंत.

आणि आरशात, बऱ्याच मागं,
एक दिवा थांबला.
चिंचा सुरू झाल्यापासून तो तेवढ्याच अंतरावर होता.
स्कूटीचा.

मी ओळख दाखवली नाही.
तिनंही दिवा मालवून
चहाच्या बंद टपरीचं कुलूप
उगाच निरखून बघितलं.

परतताना तिसरा टाकून बघीन.